सात मनात, चार बोटांवर

२ सप्टेंबर

आत्या,

पायावर डोकं ठेवलं असं समज आणि चष्मा लाव, अक्षर घाईचं आहे. फोन केला असता, पण फोनवर तू 'काय? काय?' करत बसतेस आणि मी इतकी ओरडते की शेजारीण दार वाजवते. शिवाय हे ओरडून सांगण्यासारखं नाही.

मला माझ्या वर्गाची भीती वाटते. हसू नकोस! पहिलीची तेवीस मुलं, सगळी माझ्या कमरेएवढी, आणि समोर उभी राहिले की माझी पाचावर धारण बसते. त्यात आमच्या मोठ्या बाई, म्हणजे मुख्याध्यापिका, दिवसातून दोनदा दारात येऊन उभ्या राहतात. बोलत काही नाहीत, नुसतं पेनाचं टोपण उघडतात आणि लावतात. डिसेंबरपर्यंत माझी नोकरी कच्ची आहे, हे त्या टोपणातूनच सांगतात.

सध्या बेरीज चालू आहे. तू शिकवायचीस तशीच: मोठी संख्या मनात, छोटी बोटांवर. कपाळावर टिचकी मारून 'सात मनात' म्हणायचं आणि पुढचे चार बोटांवर मोजायचे. मुलांना टिचकी फार आवडते. पण उत्तर? सात अधिक चार, दहा. पाच अधिक तीन, सात. दरवेळी एक कमी! तेही सगळी मिळून, एका सुरात, इतकं ठासून म्हणतात की क्षणभर मलाच वाटतं, मीच चुकतेय. मला तर या बेरजा झोपेतही पाठ आहेत, मग माझ्या हाताखालची मुलं अशी कशी?

एकच मुलगी बरोबर उत्तर देते आणि नेमका तिचाच मला राग येतो. एवढीशी आहे आणि सतत काहीतरी गोळा करून नेत असते, म्हणून वर्गात तिला सगळे मुंगी म्हणतात. ती टिचकी मारत नाही. बाटल्यांची झाकणं घेते, सात मांडते, चार मांडते, आणि सगळी पुन्हा एकपासून मोजते. तोवर घंटा होते. मधे बोललं की तिचं चुकतं आणि ती पुन्हा पहिल्यापासून सुरू करते, म्हणून मी वर्गाला नियमच घालून दिलाय: मोजताना कुणी हाक मारली तरी ओ द्यायची नाही. काल मोठ्या बाई दारात होत्या आणि हिचं आपलं 'एक, दोन' चाललेलं. मी तिची झाकणं उचलून कपाटात ठेवली. रडली नाही. बाकावर खडूनं अकरा ठिपके काढले आणि ते मोजले.

वर्गाच्या मदतीला एक मावशी आहेत, तेवढाच आधार. मी घाबरले की न सांगता पाण्याचा ग्लास आणून ठेवतात.

तू अडतीस वर्षं पहिली शिकवलीस. माझं काय चुकतंय, सांग ना गं.

तुझं शेंडेफळ


७ सप्टेंबर

शेंडेफळा,

पत्र पोचलं. डोकं पायावर ठेवलंस म्हणतेस, पण ते मानेवर असतं तर अर्धं पत्र लिहावं लागलं नसतं!

तुझं दुखणं काय ते मला 'एक कमी' वाचल्या वाचल्या कळलं. सांगणार मात्र नाही. वर्गातल्या पोरांना मी कधी आयतं उत्तर दिलं नाही, तुला का देऊ? तू घरचं कार्टं, तुला तर मुळीच नाही. आरशासमोर उभी राहा आणि सात अधिक चार मोठ्यानं कर, मुलांपुढे करतेस तस्सं, टिचकीबिचकीसकट. तोंडाकडे बघू नकोस, तोंड काही बघण्यासारखं नाही. बोटांकडे बघ. सापडलं की लिही, मी इथे आनंदानं नाचेन, म्हणजे गुडघे नाचू देतील तेवढं.

आणि मुंगीची झाकणं आधी परत कर. मुलाला मोजायला काहीतरी हातात लागतं. सावकाश जाणाऱ्याला हाकलायचं नसतं, तेवढं एक माझं आयतं घे.

भीतीचं म्हणशील तर पहिल्या वर्षी मलाही वाटायची. जाते ती.

तुझी आत्या


१२ सप्टेंबर

आत्या,

आरशासमोर उभी राहायला वेळ कुठला! नाकी नऊ आलेत. परवा वर्गाची सहल आहे, गावाबाहेरच्या रोपवाटिकेत. मोठ्या बाईंनी काल सांगितलं आणि वर म्हणाल्या, "जबाबदारी तुमची." टोपण लावलं आणि गेल्या.

मी काल एकटी जाऊन जागा बघून आले. हिरव्या जाळीच्या तीन मोठ्या शेड आहेत, कुंड्यांच्या रांगाच रांगा. आणि मधोमध पाण्याची टाकी. कठडा माझ्या गुडघ्याच्या जरा वर, म्हणजे मुलांच्या कमरेशी. माळ्याला विचारलं, खोल किती? तो म्हणाला, "बुडायला पुरेशी." गंमत केली त्यानं, पण ती टाकी काही डोळ्यांपुढून जात नाही.

मावशी सोबत येणार आहेत. म्हणाल्या, "बाई, चढताना मोजायची, उतरताना मोजायची, मग कसलं भ्या?" खरंच, मोजायचंच तर आहे.

झाकणं परत दिली. तिनं आधी ती सगळी आहेत का ते मोजलं!

तुझं शेंडेफळ


१६ सप्टेंबर

शेंडेफळा,

गंमत पुरे. तुझं पत्र आत्ता आलं आणि तुझी सहल परवाच होऊन गेली, हे तारीख बघितल्यावर लक्षात आलं. तरीही लिहितेच.

तू 'सात मनात' म्हणतेस ना, त्याच वेळी तुझं पहिलं बोट वर जातंय. सात म्हणताना एक बोट, मग आठ, नऊ, दहा. चार बोटं झाली आणि उत्तर दहा. जो मनात होता तोच तू पुन्हा बोटावर धरलास, म्हणून शेवटचा एक मोजायचा राहून गेला. तुला कळत नाही, कारण अकरा तुला पाठ आहे आणि बोटं नुसती शोभेला हलतात. मुलांना पाठ नाही. ती तुझ्या बोटांकडे बघून शिकतात, आणि तू दाखवतेस तेच करतात. नवीन बाईंची ही चूक मी वर्षानुवर्षं बघत आलेय.

यात घाबरण्यासारखं काही नाही. फळ्यावर चुकलेली बेरीज पुसता येते. पण तुझं ते 'मोजायचंच तर आहे' वाचलं आणि माझ्या काळजात धस्स झालं. तू पोरं कशी मोजलीस गं? थोडी मनात आणि थोडी बोटांवर, असं तर नाही ना केलंस? मुंगीसारखं एकपासून, डोक्यावर हात ठेवून मोजलीस ना?

मी म्हातारी उगीच भलतं चिंतते. सगळं नीट झालं असणार. उलट टपाली दोन ओळी टाक, म्हणजे घास गोड लागेल.

आत्या


२१ सप्टेंबर

ती. आत्यास,

सहल छान झाली. हवा चांगली होती. मुलांनी प्रत्येकी एक रोप आणलं.

तुझं बोटांचं पत्र मिळालं. आभारी आहे. आता मुलांची बेरीज बरोबर येते.

मुंगी थोडी आजारी आहे, येत नाही. मावशीही सध्या कामावर नाहीत, ऑफिसचं काहीतरी आहे. काळजी करू नये.

तुझी


२५ सप्टेंबर

अगं ए,

'ती. आत्यास'? 'आभारी आहे'? 'काळजी करू नये'? समासात तिरकं लिहून पान भरणारी तू, आणि एवढ्या मोठ्या कागदावर सात ओळी! ताकाला जाऊन भांडं लपवू नकोस. मी अडतीस वर्षं पोरांचे चेहरे वाचले. तुझा चेहरा समोर नाही, पण अक्षर आहे. 'आजारी' लिहिताना पेन कागदात रुतलंय.

मूल आजारी पडतं, कबूल. मावशीला ऑफिसचं काम निघतं, तेही कबूल. पण दोन्ही एकाच सहलीनंतर? पत्र आलं तेव्हापासून मी झोपलेली नाही. डोळा लागला की ती टाकी दिसते, आणि मी तर ती पाहिलेलीही नाही.

कोण राहिलं मागे? मुंगीच ना? जिवंत आहे ना पोर? पहिल्या ओळीत तेवढं लिही. पुढचं नंतर, मला पहिल्या ओळीत तेवढंच हवंय.

आत्या


२९ सप्टेंबर

जिवंत आहे, आत्या. मुंगी जिवंत आहे.

आता सांगते. सांगितल्यावर तू माझ्याशी बोलशील की नाही, माहीत नाही.

सकाळी बसमध्ये निम्मी मुलं आधीच चढून बसली होती. ती मी मोजली, बारा. तेवढ्यात मावशी उरलेल्यांना रांगेनं घेऊन आल्या. मी दारात उभी. कपाळावर टिचकी मारली, बारा मनात. पहिल्या मुलाच्या डोक्यावर हात ठेवला आणि तोंडानं म्हटलं, बारा. मग तेरा, चौदा. शेवटच्याला वीस. होती एकवीस. पटावर तेवीस आहेत, म्हणजे तीन आली नसतील म्हणून सोडून दिलं. हजेरीपट टेबलावरच विसरला होता. तळहातावर पेनानं २० लिहिलं आणि मावशींना सांगितलं, "वीस आहेत बरं का."

परतताना एका पोराला उलट्या होत होत्या, मी पुढे त्याला धरून बसले होते. मावशींनी मोजलं. नीट मोजलं, एकपासून. "बाई, वीस." मी तळहात बघितला. वीस. बस निघाली.

शाळेच्या फाटकावर सगळ्यांचे आईबाप उभे होते. एकेक जण आपापलं मूल घेऊन गेलं. शेवटी मुंगीची आई उरली. तिचं इस्त्रीचं दुकान आहे, ते बंद करून आली होती. हातात घडी घातलेला छोटा स्वेटर. रिकाम्या बसकडे बघून म्हणाली, "आमची शेवटी उतरतेय वाटतं?"

आत्या, मी बसमध्ये चढून एकेका सीटखाली वाकून बघितलं. 

तीच बस परत फिरवली, मावशीही आल्या. तासभराचा रस्ता. तिची आई स्वेटर मांडीवर ठेवून परत परत घडी घालत होती. माळ्यानं कुलूप काढलं. आम्ही हाका मारत सुटलो. कुणी ओ देईना. आणि टाकीच्या कठड्यावर एक सँडल होती. ओली. एकच.

माळ्यानं बांबू आणला आणि पाण्यात फिरवायला लागला. मी त्या बांबूकडे बघत उभी होते. तो कशाला तरी अडला, त्यानं वर ओढलं तर पोतं निघालं. पुन्हा घातला. तिची आई कठड्याला धरून खाली बसली. हे किती वेळ चाललं, मला सांगता येणार नाही.

मग तिसऱ्या शेडमधून मावशी ओरडल्या. पोर कुंड्यांच्या मागे भिंतीकडे तोंड करून बसली होती. सँडलमध्ये चिखल गेला म्हणून धुऊन वाळत ठेवली होती म्हणे. सगळे गेले तेव्हा ती कुंड्या मोजत होती. आमच्या हाका तिला ऐकू येत होत्या, आत्या! मोजताना ओ द्यायची नाही, हा माझाच नियम. मला बघून म्हणाली, "बाई, अजून झाल्या नाहीत." आणि मग जी थरथरायला लागली ती थांबेचना. रात्रीपासून ताप. ताप गेलाय, पण घरातही बोलत नाही असं ऐकते.

आता याहून वाईट. दुसऱ्या दिवशी मोठ्या बाईंनी आम्हा दोघींना बोलावलं. मुलं मोजून बसवणं हे मावशींचं काम, असा नियम आहे. मावशी म्हणाल्या, "बाईंनी वीस सांगितली, मी वीस मोजली." मोठ्या बाईंनी माझ्याकडे बघितलं. टोपण उघडलं. "तुम्ही वीस सांगितली होती?"

मी म्हटलं, "नीट आठवत नाही."

मावशींनी फक्त एकदा माझ्याकडे बघितलं. त्याच दिवसापासून त्यांना घरी बसवलंय. आठ तारखेला चौकशी आहे, मग काढूनच टाकतील. तळहातावरची शाई मी आदल्या संध्याकाळीच साबणानं घासली होती. ती तर दोन दिवस गेलीच नाही, मी मूठ मिटून बसले होते मोठ्या बाईंपुढे.

चूक नेमकी कुठे झाली ते मला तोवर कळलंही नव्हतं. विसाच्या आकड्यालाच पाय फुटले असं वाटत होतं. तुझं पत्र आलं, 'जो मनात होता तोच बोटावर धरलास', आणि मी बाथरूममध्ये जाऊन दार लावून घेतलं.

सांगितलं तर माझी नोकरी जाईल. नुसती जाणार नाही, बेरीज न येणारी बाई म्हणून जाईल. मला फार भीती वाटते, आत्या. टाकीपाशी वाटली तेवढीच वाटते, आणि याची लाज वाटते.


३ ऑक्टोबर

बाळ,

पत्र वाचून आधी देवापुढे बसले, मग तुझ्यावर चिडले, मग कपाटातून तुझं पहिलं पत्र काढलं.

दोन सप्टेंबरचं पत्र मला सहाला मिळालं. सातला मी उत्तर लिहिलं. त्यात चार शब्द घातले असते, 'सात म्हणताना बोट उचलतेस', तर चौदा तारखेला तू बसच्या दारात तशी मोजली नसतीस. मला माहीत होतं आणि मी कोडं घालत बसले. आरसा काय, नाचेन काय! उचलली जीभ लावली टाळ्याला. पोरांनी स्वतः शोधावं, याचा मला आयुष्यभर गर्व. त्या बांबूची कथा वाचताना मी दोनदा चष्मा काढून ठेवला. तेव्हा तुला चार उपदेश करायचं तोंड मला नाही.

तुझी चूक नव्हती असं मात्र म्हणणार नाही. मोजण्यात चुकलीस, ते कुणीही चुकेल. 'आठवत नाही' ही चूक नव्हे, ते खोटं आहे, आणि त्याखाली एक बाई दबली आहे जिनं बरोबर मोजलं होतं. ती न सांगता पाणी आणून द्यायची, हे तूच लिहिलंस.

नोकरी जाईल कदाचित. मी 'जाणार नाही' म्हणाले तर ते तुला बरं वाटावं म्हणून म्हणेन. गेली तर इथे ये. माझं पेन्शन आणि माझं तोंड, दोन्ही दोघींना पुरेल.

आठ तारखेला घाबरलीस तरी चालेल. घाबरून बोल, पण बोल. मी त्या दिवशी दिवसभर दाराशी बसून राहणार आहे, उपयोग काही नसला तरी.

आत्या


१२ ऑक्टोबर

आत्या,

तुझं पत्र सातला संध्याकाळी आलं. आठला मी गेले.

ऑफिसात मोठ्या बाई, संस्थेचे दोन गृहस्थ, मुंगीची आई आणि मावशी. मावशी धुतलेली साडी नेसून, हातात कापडी पिशवी घेऊन अगदी कडेला बसल्या होत्या. मी उभी राहिले आणि बोलायला गेले तर आवाजच फुटेना. मावशींनी सवयीनं टेबलावरचा पाण्याचा ग्लास माझ्याकडे सरकवला. आत्या, तो सरकवला नसता तर मी कदाचित पुन्हा 'आठवत नाही' म्हणाले असते.

मी म्हटलं, "वीस मीच सांगितली होती. मावशींनी बरोबर मोजलं. चूक माझी."

त्यातले एक गृहस्थ म्हणाले, "पहिलीच्या बाई तुम्ही, तुम्हाला वीस आणि एकवीस कळत नाही?" मग मी करून दाखवलं. टिचकी मारली, सात मनात, आणि बोटं एकेक करून उघडली: सात, आठ, नऊ, दहा. ते गृहस्थ हसले. मुंगीची आई हसली नाही. ती माझ्या बोटांकडे बघत होती. मग सावकाश म्हणाली, "म्हणजे आमची पोर तुमच्या मोजणीत सकाळपासूनच नव्हती."

मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

मावशी कामावर आल्या. मला लेखी ताकीद मिळाली आहे आणि डिसेंबरात ठरेल, राहायचं की जायचं. टोपण अजून उघडतं आणि मिटतं. मावशी माझ्याशी कामापुरतं बोलतात. ग्लास ठेवतात, पण माझ्याकडे बघत नाहीत. तेही बरोबरच आहे.

मोजताना ओ न देण्याचा नियम मी काढून टाकला. आता उलटा आहे: हाक आली की मोजणं सोडायचं आणि ओ द्यायची. बेरजेला सगळ्यांना झाकणं दिली आहेत. सगळी एकपासून मोजतात, तासाभरात तीन बेरजा होतात, आणि बरोबर येतात.

काल मुंगी आली. आईचा हात धरून दारापर्यंत आली आणि तिथेच थांबली. मी हजेरी घेऊन मग सगळ्यांना मोजायला लागले, प्रत्येकाच्या डोक्यावर हात ठेवून. ती तोवर तिच्या बाकावर येऊन बसली होती. तिच्या डोक्यावर हात ठेवला, म्हटलं, नऊ. पुढे गेले. दहा, अकरा. तेवीसपर्यंत. काल सगळी होती.

मागून अगदी बारीक आवाज आला. सहलीनंतर ती वर्गात पहिल्यांदा बोलली.

"बाई, मला मोजलंत?"

"मोजलं गं. नववी तू."

तिनं थोडा विचार केला. "परत मोजा."

मी परत मोजलं, एकपासून. आजही तिनं विचारलं, आणि शाळा सुटताना फाटकापाशी पुन्हा एकदा विचारलं. तिची आई तिथेच उभी होती. मी खाली बसले, तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि फाटकातली सगळी मुलं तिच्यासमोर पहिल्यापासून मोजली.

तुझं शेंडेफळ